मुलगा म्हणतो, "मला प्रार्थनेला बसायचं नाही." आता बापाने काय करावं?

द्राक्षवेल (प्रश्न)

जय ख्रिस्त. प्रश्न वडिलांसाठी आहे, पण आयांनीही जरूर लिहावं.

घरात 13 वर्षांची मुलगी आणि 16 वर्षांचा मुलगा. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना ती दोघं लहान असल्यापासून चालू आहे: दोन गीतं, एक अख्खा अध्याय आणि शेवटी वडिलांची प्रार्थना, सगळं मिळून 40 मिनिटं. आता मुलगा सरळ नाही म्हणतो. मुलगी बसते, पण लक्ष भिंतीकडे. आवाज चढवला की दोघंही येऊन बसतात आणि मग त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. या वयात प्रार्थना किती वेळ आणि कशी घ्यावी? बायबलमधल्या इफिस 6:4 मधलं "बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका" शिस्त लावताना प्रत्यक्षात कसं पाळायचं? आणि मोबाइलवरच्या अश्लील गोष्टींबद्दल बापाने कोणत्या शब्दांत बोलावं? प्रार्थना करत राहा असं कृपया सांगू नका, ती चालूच आहे. रोज काय करायचं ते सांगा.

संध्यादीप

बंधू, पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

40 मिनिटं मुलं लहान असतानाही जास्तच होती. तेव्हा ती मांडीवर झोपून जायची, आता तोंडाने सांगतात, एवढाच फरक. 12 मिनिटांवर या, आणि घड्याळ समोर ठेवून या. 12 म्हणून 25 केलीत तर चौथ्या दिवशी मुलगा पुन्हा दारात उभा राहील, आणि त्या वेळी त्याचं बरोबर असेल. तुम्हा दोघांना जास्त वेळ हवा असेल तर मुलं उठल्यावर खुशाल बसा.

वाटणी साधारण अशी ठेवा: मिनिटभर शांत बसणं, तीन-चार मिनिटं वाचन, पाच मिनिटं बोलणं, उरलेल्या वेळात प्रार्थना. गीत रोज नको, आठवड्यातून एकदा, आणि तेही मुलांनी निवडलेलं. आठवड्याला पाच रात्री पुरेत. परीक्षेच्या आदल्या रात्री तर नकोच.

वाचायला मार्कचं शुभवर्तमान घ्या. 16 अध्याय आहेत आणि प्रसंग छोटे, वेगाने सरकणारे. एका रात्री एकच प्रसंग, साधारण 10 ते 15 वचनं. या गतीने पाच रात्रींच्या हिशेबात तीन महिन्यांत पुस्तक संपतं. अख्खा अध्याय वाचला की त्यात तीन-चार प्रसंग येतात आणि बोलायला नेमकं काहीच हाती लागत नाही.

खरी गफलत होते ती प्रश्नात. "यातून आपण काय शिकतो?" या प्रश्नाचं उत्तर संडे स्कूलमध्ये वाढलेल्या मुलाला झोपेतही देता येतं. त्याऐवजी विचारा, "यात काय खटकलं?" किंवा "शिष्यांच्या जागी तू असतास तर काय बोलला असतास?" मार्क 4:35-41 मधलं वादळ घ्या. नावेत पाणी भरतंय, येशू उशी घेऊन झोपलाय, आणि शिष्य त्याला उठवून म्हणतात की आम्ही बुडतोय, याची तुम्हाला काळजी नाही का? ती चक्क तक्रार आहे. येशू आधी वारा शांत करतो, मग त्यांना विश्वासाबद्दल विचारतो. 16 वर्षांच्या मुलाला या क्रमाबद्दल बोलायला आवडतं, कारण घरात त्याच्या वाट्याला बहुतेक उलटा क्रम येतो.

प्रश्न विचारलात की मनातल्या मनात दहा अंक मोजा. बहुतेक वडील तिसऱ्या अंकाला स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. वडिलांनी सगळ्यांच्या शेवटी बोलावं, तेही दोन वाक्यं.

आणि प्रार्थनेतून बोलणी खाऊ घालू नका. "प्रभू, या घरातल्या लेकरांना अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइलपासून दूर ठेव" हे डोळे मिटून केलेलं रागावणं आहे, आणि ते मुलांना लगेच कळतं. बापाने स्वतःबद्दल प्रार्थना करावी: "आज कामावर मी एकाशी उर्मटपणे वागलो, मला क्षमा कर आणि उद्या त्याची माफी मागायचं धैर्य दे." एवढं पुरे. नवराबायकोचं भांडण किंवा पैशाची मोठी चिंता तिथे मांडू नका, ते ओझं लेकरांच्या डोक्यावर जातं.

मुलगा नाहीच म्हणाला तर? त्याला सांगा, "12 मिनिटं आपण सगळे एकत्र बसतो, हा घराचा नियम आहे. तू वाचलं नाहीस, प्रार्थना केली नाहीस तरी चालेल." हजेरी मागता येते, भक्ती मागता येत नाही.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात, 6:7 मध्ये, वचनाबद्दल बोलायच्या चार वेळा दिल्या आहेत: घरी बसता, मार्गाने चालता, निजता, उठता. आपण पहिलीच धरून बसतो. या वयातली मुलं समोरासमोर बसून फार बोलत नाहीत. गाडीवरून जाताना, भांडी विसळताना, सायकलची चेन बसवताना, म्हणजे दोघांची नजर एकाच कामावर असताना, ती बोलतात.

मातीचं भांडं

चिरडीस आणण्याबद्दल. ते वचन पौलाने बापांना उद्देशून लिहिलं तेव्हा रोमी कायद्यात बापाचा मुलांवरचा अधिकार जवळजवळ अमर्याद होता. ज्याच्या हातात सगळं आहे त्याला तो सांगतोय की हात आवर. कलस्सै 3:21 मध्ये कारणही दिलंय: मुलं खिन्न होतात. म्हणजे प्रयत्नच सोडून देतात. दार लावून घेणारं, "हं" आणि "माहीत नाही" एवढंच बोलणारं मूल बरेचदा तिथे पोचलेलं असतं.

चिरड कशाने येते? पाहुण्यांसमोर बोलण्याने. भावंडांशी तुलना करण्याने. नियम आज एक, उद्या दुसरा असण्याने. मागच्या वर्षीची चूक उकरण्याने. फुटलेल्या आवाजाची, मुरमांची, वजनाची थट्टा करण्याने. आणि भांडणाच्या ऐन भरात "आईबापांचा मान राख असं वचन आहे" हे फेकून मारण्याने. ते वचन मुलाला वाद संपवण्याचं हत्यार म्हणून ओळखीचं झालं की पुढे वर्षानुवर्षं त्याला त्यात देवाचा आवाज ऐकू येत नाही. ही चूक मी सगळ्यांत वर ठेवेन.

नियम पाच-सहाच असावेत, लिहून, सगळ्यांना दिसतील असे. प्रत्येकाचा परिणाम आधी ठरलेला हवा आणि तो कधी संपणार हेही ठरलेलं हवं. उदाहरणार्थ, जेवताना मोबाइल काढला तर तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कपाटात. 24 तास भरपूर झाले. रागाच्या भरात "महिनाभर मोबाइल बंद" म्हणालात तर चौथ्या दिवशी शाळेचा निरोप बघायला तो परत द्यावा लागतो, आणि बापाचा शब्द चार दिवस टिकतो एवढंच मूल शिकतं. डोकं तापलं असेल तर म्हणा, "मी आत्ता रागात आहे. साडेआठला बोलू." आणि साडेआठला खरंच बोला. न बोललात तर ती धमकी ठरते.

हात उगारणं पूर्ण बंद. नीतिसूत्रांतल्या छडीच्या वचनांवर वाद घालायचा तर खुशाल घाला, पण 14 वर्षांच्या मुलाला मारलं की तो लपवायला शिकतो किंवा उलट हात उचलतो. तिसरं काही होत नाही.

दाविदाचं घर 2 शमुवेल 13 आणि 14 मध्ये सावकाश वाचा. दाविदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला. दावीद फार संतापला, आणि त्याने काहीही केलं नाही. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं गप्प राहिला, मग त्याने अम्नोनाला मारवलं आणि तीन वर्षं गशूरात जाऊन राहिला. दाविदाने त्याला परत आणवलं, पण तो यरुशलेमेत पूर्ण दोन वर्षं राहिला तरी बापाने तोंड दाखवलं नाही. आधी राग आहे पण कृती नाही, आणि नंतर परवानगी आहे पण भेट नाही. आपल्या घरात हेच लहान मापाने घडतं: शिक्षा संपते, मोबाइल परत मिळतो, पण बाबा अजून तुटक बोलतात. म्हणून ज्या दिवशी शिक्षा संपते त्या रात्री बापाने स्वतः मुलाच्या खोलीच्या दाराशी जावं. "झालं, संपलं. जेवायला चल." विषय पुन्हा काढायचा नाही.

बापाची चूक असेल तर माफी नेमकी मागा. काय केलं, ते चूक होतं, तुला काय वाटलं असेल, मला क्षमा कर. "काल मी तुला आत्यासमोर नालायक म्हणालो. ते चूक होतं. तुला लाज वाटली असेल. मला क्षमा कर." इथे थांबायचं. "पण तूसुद्धा..." आलं की आधीची चारही वाक्यं पुसली जातात. त्याचं जे चुकलं असेल ते उद्या, वेगळं बोला. आणि त्याने लगेच "ठीक आहे बाबा" म्हणावं अशी अपेक्षा ठेवू नका.

नीतिसूत्रे_वाचक

वर परिणामांबद्दल लिहिलंय ते इतर नियमांना लागू आहे. अश्लील दृश्यांच्या बाबतीत मात्र मुलाने स्वतः येऊन खरं सांगितलं तर त्या सांगण्याला शिक्षा नको. नाहीतर तो दुसऱ्यांदा सांगणार नाही.

आधी घराची मांडणी. रात्री दहानंतर सगळे मोबाइल झोपायच्या खोल्यांबाहेर, एकाच जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचाही. "अलार्मसाठी हवा" ही सबब येणारच, म्हणून साधं गजराचं घड्याळ आणून ठेवा. फिल्टर लावा, त्याने चुकून समोर येणारं बरंच अडतं. शोधायचंच ठरवलेल्या मुलाला फिल्टर अडवत नाही, तेव्हा सगळी भिस्त त्यावर नको.

यात झोपेचाही भाग आहे. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते आणि याच वर्षांत शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे झोप उशिरा येते. सकाळी लोळत पडणारा मुलगा आळशीच असेल असं नाही. त्यामुळे कौटुंबिक प्रार्थना पहाटे पाचला हलवायचा विचार असेल तर सोडून द्या.

बोलणं कधी सुरू करावं? दहा-अकराव्या वर्षी. एक मोठं भाषण देण्यापेक्षा दोन-दोन मिनिटांचं वीसदा बोलणं बरं. राहून गेलं असेल तर आजपासून, आणि मुलीशीही. हे बायबलच्या बाहेरचं आहे असं वाटून बापाची जीभ अडखळते. नीतिसूत्रांचे 5 ते 7 हे तीन अध्याय काढा: बाप मुलाशी वासनेबद्दल, रस्त्याबद्दल, संध्याकाळच्या वेळेबद्दल उघड बोलतोय. सुरुवात साधी असू द्या: "शरीराची ओढ देवाने दिलेली आहे, तिची लाज नाही. पण या व्हिडिओंत माणसाची वस्तू करतात आणि ते सवय लावण्यासाठीच बनवलेले असतात. तुझ्यासमोर आलं असेल किंवा येईल. आलं की मला सांग, मी ओरडणार नाही."

सापडलाच तर मोबाइल हिसकावू नका, सगळ्या घराला बोलावू नका. आदाम पाप केल्यावर देवापासून लपला, आणि देवाचा पहिला प्रश्न होता, "तू कोठे आहेस?" तो सूर धरा. दार लावून, दोघंच बसून: "तू मला कालइतकाच प्रिय आहेस. भांडायचं नाही, समजून घ्यायचंय." मग विचारा, कधीपासून, कसं समोर आलं, कोणी पाठवलं का. आणि हे हमखास विचारा: "कोणी तुझ्याकडे फोटो मागितलाय का? त्यावरून कोणी धमकावतंय का?" उत्तर हो असेल तर पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, बोलणं तिथेच थांबवायचं, सगळं जपून ठेवायचं आणि पोलिसांकडे जायचं. त्यात मूल गुन्हेगार नाही, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत ऐकू द्या.

नंतर आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं, दोघांनी मिळून ठरवलेला एकच प्रश्न: "हा आठवडा कसा गेला?" पाय घसरला असेल तर केव्हा, ते शोधा. बहुतेकदा एकटेपणा, कंटाळा, थकवा आणि रात्रीची वेळ ही चौकडी एकत्र सापडते. त्यातलं एक जरी हललं तरी फरक पडतो.

मुलीबद्दल एक गोष्ट, कारण तिच्याविषयी कमी लिहिलं जातं. बारा-तेराव्या वर्षी तिचं शरीर बदलू लागलं की अनेक वडील संकोचाने तिला जवळ घेणं एकदम थांबवतात. कारण तिला कोणी सांगत नाही, तेव्हा आपल्यातच काहीतरी वाईट झालंय असं ती धरून चालते. डोक्यावर हात ठेवणं, खांद्याला खांदा लावून बसणं चालू ठेवा. तिला नको असेल तर थांबा आणि ते मनाला लावून घेऊ नका. पॅडचं पाकीट संपलं की किराणासोबत तेही आणणारा बाप तिला न बोलता पुष्कळ सांगतो.

द्राक्षवेल

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. मुलगा आता म्हणतो, "देव आहे हेच मला पटत नाही." दृढीकरणाचा (चर्चमध्ये आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीचा) वर्ग तोंडावर आला आहे. त्याला बसवावं का? आणि रविवारच्या उपासनेचं काय?

दिदुम

त्या रात्री खंडन करू नका. "हे मला सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा. त्याने हे लपवून वेदीपुढे उभं राहणं सोपं होतं.

मग काही दिवसांत शोधा की हा संशय कुठून आलाय. विज्ञान, दुःख, इतर धर्म असे प्रश्न असतील तर वाचून, बोलून पुढे जाता येतं. मंडळीतल्या (चर्चमधल्या) कोणाचं ढोंग दिसलं असेल, कोणी दुखावलं असेल, आजीसाठी केलेली प्रार्थना फळली नसेल, तर युक्तिवादाचा उपयोग नाही, तिथे ऐकून घ्यावं लागतं. आणि कधी त्याला फक्त स्वतःचं मत हवं असतं, बापाचं उसनं नको असतं. तिन्हींना एकच औषध दिलं की बिघडतं.

प्रश्न वहीत लिहून घ्या. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, शुक्रवारपर्यंत वाचून येतो" म्हणा आणि शुक्रवारी त्याने विचारायच्या आत तुम्ही विषय काढा. स्तोत्र 88 त्याला वाचायला द्या, ते अंधारातच संपतं आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. योहान 20 मध्ये येशूचा शिष्य थोमा म्हणतो, मरणातून उठलेल्या येशूला पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. आठ दिवसांनी तो कुठे आहे? त्याच शिष्यांबरोबर, त्याच घरात. त्याला कोणी बाहेर काढलं नव्हतं.

दृढीकरण पुढे ढकला. तिथे दिलेलं वचन त्याचं स्वतःचं असतं. बापाची मान खाली जाऊ नये म्हणून देवासमोर खोटं बोलायला लावण्यापेक्षा एक वर्ष थांबणं बरं. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आधी भेटून सांगा, मुलाला विचारून मगच. वर्गात नुसतं ऐकायला बसायची मुभा मागता येते, अनेक पाळक देतात. प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) सक्ती नको, 1 करिंथ 11:28 प्रत्येकाला स्वतःची परीक्षा करायला सांगतं.

रविवारी उपासनेला घर एकत्र जातं, हा नियम शाळा संपेपर्यंत ठेवायला हरकत नाही. कुठे बसायचं, तरुण संघात जायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा. आणि परत येताना उपदेशाची उजळणी घेऊ नका.

मंडळीतला एखादा प्रौढ माणूस त्याच्याशी बोलू शकला तर फार चांगलं, बापाला जे विचारता येत नाही ते तिथे विचारलं जातं. मात्र तो माणूस तुमच्या नीट ओळखीचा हवा आणि भेटी उघड्या जागी, तुम्हाला माहीत असताना व्हायला हव्यात. यात संकोच करू नका.

नीतिसूत्रे 22:6 (मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून दूर जाणार नाही) ही हमी नाही. ते सुभाषित आहे, साधारण कसं घडतं ते सांगणारं. ते वचन उलटं वाचून "मूल दूर गेलं म्हणजे माझंच चुकलं" असं मानणारे वडील घाबरून मुलाला जास्तच आवळतात.

एक आई

थोडक्यात, पण महत्त्वाचं. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप किंवा जेवण बिघडणं, मित्र तोडणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, हातावर कापल्याच्या खुणा, यांतलं काही दिसलं तर त्याला विश्वासाची उणीव म्हणू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि विषारी औषधं घरातून हलवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो. देव त्याला आधी झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. संभाषण त्यानंतर होतं.

द्राक्षवेल

हे लक्षात ठेवतो. आज रात्री सुरुवात नेमकी कशी करू?

संध्यादीप

प्रार्थनेच्या आधी मुलाला एकट्याला गाठा. "प्रार्थना मी लांबवत गेलो आणि त्यात तुम्हाला बोलूनही घेतलं. ते चूक होतं. मला क्षमा कर. आजपासून 12 मिनिटं, घड्याळ तुझ्या हातात." मग मुलीलाही हेच, वेगळं सांगा.

वाचायला मार्क 1:1-11. मुलीला वाचू द्या. शेवटचं वचन येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळचं आहे, पिता म्हणतो, "तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस." तोवर येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही उपदेश दिलेला नाही. हे तुम्ही समजावून सांगू नका. "हे त्याला आत्ताच का सांगितलं असेल?" एवढं विचारा आणि दहापर्यंत मोजा. कोणी काही बोललं नाही तरी पुढची प्रार्थना छोटीच करा, आणि बाराव्या मिनिटाला उठा.